खारकोंडची मोजणी

ड्रोन वर गेला तेव्हा जोमा केणीच्या कोंबड्या
घार समजून ओटीखाली पळाल्या.
मी स्क्रीनवर पाहत होते:
छपरांची दाटी, निळ्या ताडपत्र्या,
एक विहीर, तिच्यावर लोखंडी जाळी,
आणि तिन्ही बाजूंनी काचेचे टॉवर
ताटकळत उभे,
पंगत उठायची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांसारखे.

गावठाणाची हद्द ठरवायची होती.
जुन्या नकाशात पूर्वेला पारसिकचा डोंगर,
पश्चिमेला खाडी,
आणि मधल्या सगळ्या मोकळ्यावर
कुण्या कारकुनाने एकच शब्द लिहून ठेवलेला: खार.

"खार नाय," चांगुणाबाई म्हणाली.
"त्याला नावा हायेत."

चांगुणाबाई गावची धवलारीण.
लग्नात देव बोलवायचे तर आधी हिला बोलवावं लागतं.
गुडघे गेलेत. आवाज मात्र उघाडीच्या पाण्यासारखा,
बराच वेळ अडवून धरलेला
आणि मग एकदम.

पेट्रोल पंपाकडे बोट केलं: "थोरली कोंड."
बस थांब्याकडे: "बुडकी."
मॉलच्या पार्किंगकडे:
"सासूचा तुकरा. तिथला तांदूल कवाच मऊ शिजला नाय."
हॉस्पिटलच्या पायऱ्यांकडे जरा थांबून:
"रातवा. भरतीनं बांध फोरला
का बापूस कंदील घेऊन तिथंच बसायचा. सकालपावत."

मी लिहून घेत होते मागच्या कोऱ्या पानावर.
फॉर्मात नावाचा रकाना होता,
पण तो धारकाच्या नावाचा.

मग दगडाकडे गेलो.
गावदेवीच्या मागे, नाल्याला लागून,
छातीइतका उंच, दारू प्यायल्यासारखा जरा कललेला.
वर सूर्य, चंद्र. मधे झिजलेल्या ओळी.
खालचं चित्र चिखलात गेलंय, आणि बरंच आहे,
कारण तिथे शिवी कोरलेली असते:
दिलेली जमीन जो परत घेईल
त्याच्या आईला गाढव.
दानपत्र राजाचं असेल,
पण ही ओळ कुणातरी वैतागलेल्या लेखनिकाची वाटते,
ज्याने आधीची तीन दानपत्रं मोडलेली पाहिली असावीत.

दगडाला जोमाचं जाळं बांधलेलं, सुकायला.
एक निवटी त्यात अजून अडकलेली.
"आजा पन हितंच बांधायचा," तो म्हणाला.
"राजाला कं तरास?"

"तुला वाचता येतं ते?" चांगुणाबाईने मला विचारलं.
नाही म्हणाले.
"मंग आमच्यासारकीच तू."
आणि पदराने दगडाचा चंद्र पुसला,
जसं पोराचं नाक पुसतात.

हद्दीची रेघ दगडाच्या अलीकडून जात होती.
हातभर अलीकडून.
पलीकडे नाला, आणि नाल्याचं रुंदीकरण मंजूर.
मशीनने विचारलं, वापर कोणता?
निवासी, व्यापारी, धार्मिक, पडीक, इतर.
मी 'इतर' दाबलं.
मग ट्रायपॉड उचलून दगडाच्या पल्याड रोवला
आणि तिथला बिंदू घेतला.
अहवालात लिहिलं: त्रुटी मर्यादेत आहे.

शुक्रवारी जोमाच्या नातीची हळद होती. गेले.
मांडवात चांगुणाबाई एकेकीला हाक मारून बोलवत होती,
थोरले कोंडी, ये गो,
बुडके, ये,
सासूचे तुकरे, रुसू नको, तू पन ये.
डीजेवाला पोरगा वायर हातात धरून थांबलेला.
पंपावर कुणी टायरमध्ये हवा भरत होतं,
त्याचा तेवढा आवाज.

रात्री खोलीवर बुटांना पांढरी कड दिसली. मीठ.
बार्शीला फोन लावला.
बाबांना म्हटलं, आपल्या विहिरीजवळच्या शेताचं नाव काय हो?
"गट नंबर दोनशे एकोणीस. का गं, उतारा पाहिजे का?"
नंबर नाही. नाव.
ते गप्प झाले. टीव्हीचा आवाज कमी केला.
मग लांबून, स्वयंपाकघरातून बहुतेक,
आई ओरडली,
"मोरपट्टी!
अहो, मोरपट्टी की. विसरलात?"